शेकरूला शिकवलेलं दुर्लक्ष

दर वर्षी नव्या मॉडेलचं माहितीपत्रक निघतं आणि त्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दोन शब्द असतात : 'सामान्य सुधारणा'. एकवीस वर्षं मी वैराट मोटर्समध्ये नोकरी केली, त्यातली बारा 'शेकरू' या एकाच गाडीवर. त्या दोन शब्दांखाली काय काय पुरलेलं असतं ते मला ठाऊक आहे. माझ्या बहिणीचा पायही तिथेच पुरायचा घाट होता.

माझं नाव हणमंत ननावरे. शिक्षण आयटीआय. शिरवळच्या कारखान्यात चाचणी विभागात लागलो तेव्हा गाडी चालवून बघायची आणि खडखडलं की सांगायचं, एवढंच काम होतं. पुढे गाड्या बोलायला लागल्या, बघायला लागल्या, आणि माझ्यासारख्यांच्या नावापुढे 'प्रमाणन अधिकारी' असं लागलं. म्हणजे काम तेच, फक्त खडखड ऐकू येईनाशी झाली.

शेकरू पहिल्यांदा निघाली २०२६ साली. छोटी, उंच, मागून जरा फुगीर. खड्ड्यातून उडी मारून जायची म्हणून शेकरू. त्या पहिल्या मॉडेलला मी अजून नावं ठेवू शकत नाही. किल्ली होती, हँडब्रेक होता, काच खाली करायला बटण होतं आणि ते बोटाला न बघता सापडायचं. नंतर प्रत्येक वर्षाने त्यातलं काहीतरी काढून घेतलं. २०२८ला किल्ली गेली. २०३१ला हँडब्रेक गेला. २०३३ला गाडीचं अंगच बदललं, नाक बसकं झालं, दिवे डोळे बारीक केल्यासारखे झाले. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, वा, काय दिसते.

पण मला सांगायचंय ते २०२९च्या दसऱ्याबद्दल.

त्या वर्षीच्या मॉडेलला आम्ही पहिल्यांदा डोळे दिले होते. बोधचिन्हाच्या मागे एक कॅमेरा आणि बंपरच्या आत रडार. समोर कुणी आलं की गाडी आपणहून ब्रेक लावायची. खंडेनवमीला लोकांनी रिवाजाप्रमाणे गाड्या धुतल्या, हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नाकावर झेंडूचा हातभर जाड हार घातला. आणि शेकरू जागच्या हलेनात. कॅमेऱ्यासमोर हार लोंबत होता. गाडीला वाटत होतं, नाकाला चिकटून कुणीतरी उभं आहे. साताऱ्यात, कराडात, बारामतीत देवळांपुढे शेकरूंच्या रांगा लागल्या. एका माणसाने फोन करून विचारलं की गाडीला नजर लागली असेल तर वॉरंटीत बसतं का.

कंपनीतल्या उंटावरच्या शहाण्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं की ग्राहकांनी कृपया गाडीच्या पुढच्या भागावर हार घालू नये. त्यावर जी बोंब झाली ती विचारू नका. हार घालू नका म्हणे. आमच्याकडे माणूस एक वेळ इन्शुरन्स विसरेल, हार विसरणार नाही. आणि घातलेला हार काढायचाही नसतो. तो वाळून, वाऱ्याने सुटून आपोआप पडेपर्यंत आठ-दहा दिवस तसाच घेऊन गाडी हायवेला पळते.

तेव्हा ठरलं की गाडीलाच झेंडू शिकवायचा. काम माझ्याकडे आलं, कारण सॉफ्टवेअरच्या मजल्यावर ज्याला हार ओवता येतो असा एकही माणूस नव्हता.

अशा यंत्राला शिकवतात ते नियम सांगून नाही. 'झेंडू म्हणजे पिवळं, गोल, पाकळ्यांचं' असं त्याला समजत नाही. त्याला हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येक फोटोत आपण चौकट आखून नाव द्यायचं. हे माणूस. हे म्हैस. हे ट्रक. दाखवत राहिलं की आतले आकडे आपोआप सरकत जातात आणि एक दिवस न पाहिलेल्या फोटोतली म्हैसही त्याला ओळखू येते. त्याने नेमकं काय पाहून ओळखलं, हे मात्र शिकवणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिंगं असतील. चिखलही असेल.

मला झेंडू लागणार होता पुष्कळ. माझी थोरली बहीण, सुगंधा अक्का, सुरूरजवळ दिलेली. दाजी गेल्यावर दोन कामं करायची : स्वतःच्या तुकड्यात दसऱ्यापुरता झेंडू आणि बाकी वर्षभर हायवेच्या दुभाजकातल्या कण्हेरींना पाणी. मी तिच्याकडून पोतीच्या पोती झेंडू आणला. तीन दिवस ती कारखान्याच्या शेडमध्ये पाय पसरून हार ओवत बसली होती. ताजा हार, शिळा हार, पावसात भिजलेला, आंब्याच्या पानांचा, बिनपानांचा. मी गाडीला घालायचो आणि फोटो काढायचो. अकरा हजार फोटो झाले. अक्का हसून म्हणायची की नवरदेवाचं एवढं कौतुक होत नाही.

हार कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असल्यामुळे फोटोत झेंडू असा दिसतच नव्हता. नारिंगी, पुसट, कडा विरघळलेला एक डाग दिसायचा. त्या डागाभोवती मी चौकट आखायचो. वर नाव लिहायचो 'झेंडूहार'. आणि पुढे गाडीने काय करायचं त्या रकान्यात 'दुर्लक्ष'. तेव्हा कंपनीला मराठीपणाची उबळ आली होती, नावं मराठीत द्या म्हणाले होते. हा शब्द मी दिलेला आहे.

मी अगदीच बावळट नव्हतो. एक अट घातली होती. कॅमेऱ्याला अंतर नीट कळत नाही. जवळचा पुसट डाग आणि लांबचा पुसट डाग त्याला सारखाच. पण रडार लाटा सोडतं आणि त्या आपटून परत आल्या की समोर काहीतरी भरीव आहे एवढं नक्की सांगतं. काय आहे ते त्याला कळत नाही, पण आहे हे कळतं. म्हणून मी अट घातली : कॅमेरा म्हणाला झेंडूहार, आणि रडार म्हणालं समोर काही नाही, तरच दुर्लक्ष. दोन साक्षीदार. २०३०चा दसरा सुखरूप पार पडला. मला कंपनीने शाल आणि नारळ दिला. अक्काला मी त्यातला नारळ दिला.

आता २०३७ सालच्या डिसेंबरची नऊ तारीख.

सकाळी पावणेसातला सुरूर फाट्यापुढे दाट धुकं होतं. अक्का हायवेच्या आतल्या लेनमध्ये, दुभाजकाला लागून उभी राहून टँकरचा अडकलेला पाइप सोडवत होती. अंगात नारिंगी जाकीट, कंत्राटदाराने दिलेलं, धुक्यात लांबून दिसावं म्हणून. साताऱ्याच्या बाजूने २०३५ची शेकरू आली. गाडी आपली आपण चालत होती, ताशी सत्तरने. आत बसलेले गृहस्थ पेपर वाचत होते. अक्काचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ती शुद्धीत नव्हती. संध्याकाळी शुद्धीवर येईपर्यंत कंपनीने व्हिडिओ प्रसिद्ध केला होता. गाडीच्याच कॅमेऱ्यातला. पांढरं धुकं, आणि त्यातून एकदम, अगदी पुढ्यात, वाकलेली बाई. लगेच ब्रेक. खाली लिहिलं होतं की पादचारी अनपेक्षितपणे मार्गात आली, व्यक्ती ओळखताक्षणी वाहनाने ब्रेक लावले. लोकांनी खाली जे लिहायचं ते लिहिलं. ही माणसं अशीच कुठेही आडवी येतात. बिचारे गाडीवाले. तिच्याबरोबर कामाला असलेली शेवंता सगळ्यांना सांगत होती की बाई पाच मिनिटं एका जागी उभी होती. तिचं कोण ऐकतंय? ती पडली त्यांच्यातलीच.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे चार दिवसांनी अक्काच मला म्हणाली, "आरं हणमा, मीच आले आसंन मधी. धुकं व्हतं. पाइपाच्या नादात कळलं नसंल."

मी म्हणालो, तुला आठवतंय का मधे आलेलं? ती म्हणाली, आठवत नाही, पण फिल्लममध्ये दिसतंय ना. एवढी मोठी कंपनी खोटं कशापायी बोलेल. स्वतःचा पाय गेलेली बाई, आणि त्या गाडीवाल्याला भीती बसली असेल म्हणून हळहळत होती. माझं डोकं सणकलं. कुणावर ओरडावं तेच कळेना, म्हणून सलाइन बदलायला उशीर का केला असं म्हणत नर्सवर ओरडलो. तिची काही चूक नव्हती.

अपघाताची चौकशी राज्याच्या मंडळाकडे होती. तडवी मॅडम म्हणून अधिकारी होत्या. वीस जानेवारीला त्या अहवाल देणार आणि त्यात लिहिलं जाणार की चूक कुणाची. कंपनीने आपलं म्हणणं आधीच दिलं होतं : सुगंधा भोईटे यांची. एकदा ते कागदावर आलं की अक्का आयुष्यभर तेच खरं मानून जगणार होती. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. दुसरं काही नाही.

कामावर रुजू झालो त्या दिवशी मी त्या गाडीची नोंद उघडली. तेवढा अधिकार मला होता. कॅमेरा सेकंदाला दहा वेळा बघतो आणि प्रत्येक वेळी काय दिसलं ते लिहून ठेवतो. मी अपघाताच्या क्षणापासून उलटा मागे गेलो. दहा मीटरच्या आत : व्यक्ती, ब्रेक. तिथून व्हिडिओ सुरू होत होता. त्याच्या आधीचं कुणी दाखवलं नव्हतं.

त्याच्या आधी, एक्केचाळीस मीटरवर : झेंडूहार. दुर्लक्ष.
एकोणचाळीस मीटरवर : झेंडूहार. दुर्लक्ष.
सदतीस. पस्तीस. तेहतीस.

मी मोजलं. सतरा वेळा. गाडीला ती दिसली नाही असं नाही. सतरा वेळा दिसली. सत्तरच्या वेगाला थांबायला तीस मीटर पुरतात, म्हणजे पहिल्या पाच-सहा वेळांत कधीही ब्रेक लागला असता तर अक्का आज कण्हेरींना पाणी घालत असती. धुक्यात विरघळलेलं तिचं नारिंगी जाकीट गाडीला नाकावरचा हार वाटलं. तिनेच ओवलेला.

पण माझी अट? रडारने सांगायला हवं होतं की काहीतरी आहे. मी रडारचा रकाना उघडला. सतराही वेळा तिथे शून्य होतं. शून्य म्हणजे समोर काही नाही.

मग मला आठवलं. २०३५च्या मॉडेलला रडार नाहीच. नाक आणखी बसकं करायचं म्हणून रचना विभागाने ते काढून टाकलं होतं. कॅमेरे आता इतके हुशार झालेत म्हणाले, रडार हवंय कशाला. रडार काढलं, पण प्रोग्रॅममधला त्याचा रकाना तसाच राहिला. रिकाम्या रकान्यात यंत्र शून्य धरतं. म्हणजे दोन साक्षीदारांपैकी एक मेला होता, आणि दर वेळी त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ 'समोर काही नाही' असा लावला जात होता. दोन वर्षं. रस्त्यावर चाळीस हजार गाड्या.

असा कुठलाही भाग काढला की एक तक्ता भरावा लागतो. त्यात प्रश्न असतो : या बदलाचा अन्य कोणत्या कार्यावर परिणाम होतो का? कुणा गाढवाने 'नाही' लिहिलंय ते बघायला मी तो तक्ता शोधून काढला. मनात शिव्यांची तयारीसुद्धा केली होती. उत्तर होतं 'नाही'. खाली सही होती. ह. रा. ननावरे.

तारीख २०३४ची खंडेनवमी. त्या दिवशी खाली यंत्रांची पूजा चालली होती आणि नव्या मॉडेलची रचना पक्की करून टाकायची म्हणून एकशे चाळीस तक्ते माझ्या पुढ्यात आले होते. मला तो दिवस आठवतो. एका हातात पेढा होता.

दुसऱ्या दिवशी मी ईशान राजाध्यक्षच्या केबिनमध्ये गेलो. ईशान सॉफ्टवेअरचा प्रमुख, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला लोण्यासारखा. मी त्याच्या पडद्यावर नोंद उघडून दाखवली. त्याने ती पूर्ण वाचली, मान हलवली. मला वाटलं, पटलं. त्याने लगेच तिथल्या तिथे दोघांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की हे दुरुस्त करा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी विचारलं की तडवी मॅडमना कधी कळवायचं.

तो म्हणाला की कळवायची गरज नाही. परवा सगळ्या गाड्यांना हवेतून नवा प्रोग्रॅम जाईल, दोष संपेल, कुणालाही पुन्हा इजा होणार नाही. महत्त्वाचं तेच ना? मी म्हणालो, आणि माझी बहीण? तो म्हणाला की झालेलं बदलता येत नाही, पण पुढचं आपण वाचवलं. मी विचारलं, प्रोग्रॅमसोबत काय लिहिणार आहात?

"सामान्य सुधारणा," तो म्हणाला.

मी आवाज चढवला. त्याने चढवला नाही. पडद्यावर तो तक्ता उघडून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"सर, मी तुमचाच विचार करतोय. सही तुमची आहे."

मी उठून बाहेर आलो. संताप इतका होता की जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटली. आणि खरं सांगायचं तर आठवडाभर मी काहीच केलं नाही. ईशानने माझं नेमकं दुखणं ओळखलं होतं. हॉस्पिटलात रोज जायचो, अक्का रोज म्हणायची की मीच आले आसंन मधी, आणि मी रोज डब्याचं झाकण काढून तिला भाकरी खा म्हणायचो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मी तर बोंबसुद्धा मारत नव्हतो.

दरम्यान हवेतून प्रोग्रॅम गेला. चाळीस हजार शेकरू एका रात्रीत शहाण्या झाल्या. आता चौकशी मंडळाने कुठलीही गाडी घेऊन काहीही करून पाहिलं असतं तरी ती नारिंगी जाकिटापुढे शहाण्यासारखी थांबली असती. अपघातग्रस्त गाडीसुद्धा. आणि नोंद? गाडीतली नव्या प्रोग्रॅमसोबत पुसली गेली, मंडळाला कंपनीने शेवटच्या दहा मीटरचीच दिली होती. कंपनीतल्या मूळ नोंदीवरचा माझा अधिकार त्याच आठवड्यात 'पुनर्रचने'त गेला. मी तेव्हाच तिची प्रत काढून घ्यायला हवी होती. नव्हती घेतली.

राहिली एकच गाडी. माझी.

माझी शेकरू २०३५चीच. वर्षभरापूर्वी ती मला सकाळी 'सुप्रभात हणमंत, पुढच्या वळणावर मिसळ छान मिळते' असं सांगायला लागली. घरात मला एकेरीत हाक मारणारी एकटी अक्काच, आणि ही कोण टिकोजीराव? मी चिडून अँटेनाचा फ्यूजच उपटून टाकला होता. तेव्हापासून माझ्या गाडीला बाहेरचं काही ऐकू जात नव्हतं. ऑफिसात पोरं मला जुनं खोड म्हणायची. त्या खोडामुळे जुना दोष जसाच्या तसा माझ्या अंगणात उभा होता.

मी तडवी मॅडमना फोन केला. बाई जळगावकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की सांगू नका, दाखवा.

सुरूरच्या अलीकडे जुन्या हायवेचा एक तुकडा नव्या रस्त्यापासून बाजूला पडलेला आहे. तिथे दाखवायचं ठरलं. कंपनीला रीतसर बोलावणं गेलं. अक्काला मी एवढंच सांगितलं की तुझं दुसरं जाकीट दे, काम आहे. तिने विचारलं नाही. उशाखालची ट्रंकेची किल्ली दिली. बांबूला पेंढा बांधून, वर ते जाकीट चढवून मी आणि शेवंताने बुजगावणं केलं आणि लेनच्या कडेला वाकवून उभं केलं, अक्का उभी होती तसं.

पहिल्या दिवशी धुकंच पडलं नाही. स्वच्छ उजेडात माझी गाडी बुजगावण्यापासून दहा पावलांवर शहाण्यासारखी थांबली. ईशान माझ्याकडे बघून हळू हसला. दुसऱ्या दिवशीही तेच. मॅडम घड्याळ बघून म्हणाल्या की मला पुण्याला जायचंय, उद्या शेवटचा दिवस. त्या दिवशी जानेवारीची अठरा तारीख होती.

तिसऱ्या दिवशी कृष्णेकडून धुकं आलं. आधी कंपनीची गाडी सोडली. तिने पस्तीस मीटरवर ब्रेक लावला आणि ती बुजगावण्याआधी थांबली. ईशान म्हणाला की बघा मॅडम, दोष नाही. मॅडम म्हणाल्या की ही बघितली, आता ती. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या गाडीला नोंद वाचायचं यंत्र जोडलं आणि मला आत बसवलं. अट एकच होती, पाय ब्रेककडे न्यायचा नाही.

गाडीने आपणहून सत्तर गाठले. काचेपुढे नुसतं पांढरं. मग त्यात एक नारिंगी ठिपका दिसला. मला दिसला, म्हणजे गाडीलाही दिसला. ठिपका मोठा होत गेला, त्याला खांदे आले, वाकलेली पाठ आली. ते पेंढ्याचं आहे हे मला ठाऊक होतं, बांधलं मीच होतं. तरी माझा पाय उचलला गेला आणि मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. गाडीने ब्रेक लावला तेव्हा बांबू काचेवर आला होता.

मी गाडीतून उतरलो. मॅडम यंत्राचा पडदा बघत होत्या. झेंडूहार, दुर्लक्ष. झेंडूहार, दुर्लक्ष. त्यांनी तो ईशानपुढे धरला. मग विचारलं की रडार काढताना हे कुणी तपासलं होतं. ईशान माझ्याकडे बघत राहिला. त्या एका क्षणात मला वाटलं, मी गप्प बसलो तर कदाचित तोही बसेल.

"तपासलं नव्हतं," मी म्हणालो. "सही माझी आहे."

अहवाल वीस तारखेलाच आला. यंत्रणेतील दोष, पादचाऱ्याची कोणतीही चूक नाही. कंपनीने तासाभरात पत्रक काढलं की एका अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला असून त्याला सेवेतून कमी करण्यात आलं आहे. रडार काढा म्हणणारे, एका दिवसात एकशे चाळीस तक्ते पाठवणारे, व्हिडिओ नेमका दहा मीटरला कापणारे, गुपचूप प्रोग्रॅम पाठवणारे, यांपैकी कुणीही व्यक्तिगत नव्हतं. व्यक्तिगत मी एकटा. मी निष्काळजी होतो हे खरं आहे. एकटा होतो हे साफ खोटं आहे.

अहवाल घेऊन मी अक्काकडे गेलो. ती घरी आली होती. ओट्यावर ऊन खात बसली होती, नवा पाय शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला. मी तिला सगळं वाचून दाखवलं, समजेल असं करून सांगितलं : झेंडू, धुकं, रडारचा रिकामा रकाना, सतरा वेळा.

"म्हंजी मी मधी आले न्हवते," ती म्हणाली.

नव्हतीस, मी म्हणालो. तिने पदर तोंडाला लावला. दीड महिन्यात मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. मग मी सहीचं सांगितलं. पेढ्यासकट सगळं सांगितलं.

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"वाचलं न्हवतंस?"

"नाही."

"का?"

मी म्हणालो, अक्का, दर वर्षी तसंच असतं. इतके कागद येतात. पुढ्यात आलं की सही करून पुढे सरकवायचं.

"मंग त्या गाडीनं तरी येगळं काय केलं रं?"

मी खाली मान घालून बसलो. तिला राग आला होता आणि तो तिचा हक्कच होता, ओरडली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. पण ती ओरडली नाही. भिंतीचा पाय ओढून घेतला, पट्टे आवळायला लागली, आणि पट्टे आवळता आवळताच म्हणाली,

"आन् आता गप नगं बसूस. गप बसलं की तुमच्यात त्याचा आर्थ 'समोर काय न्हाई' आसा लावत्यात. तूच सांगितलंस न्हवं?"

म्हणून हे लिहून काढलं. माझ्या नावासकट.